पंचवीस माणसं, चोवीस नावं : रात्रपाळीवरच्या प्रशिक्षणार्थी बातमीदाराचं एक प्रकरण

रात्री ८.४० ला घाटातल्या वळणावर वऱ्हाडाची मिनीबस कठडा तोडून खाली गेली. डाक आवृत्तीचं, म्हणजे तालुक्यांना जाणाऱ्या आधीच्या आवृत्तीचं, पहिलं पान १०.१५ ला छपाईला सुटायचं होतं. मधल्या ९५ मिनिटांत रात्रपाळीवरच्या प्रशिक्षणार्थी बातमीदाराने आठ फोन केले आणि दोनशे शब्दांची बातमी दिली. त्या बातमीत चार मृतांची नावं होती. त्यांतली एक बाई जिवंत होती आणि तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घालणं चाललं होतं.

हे प्रकरण नव्या बातमीदारांच्या प्रशिक्षणासाठी रचून मांडलं आहे. घाट, गाव, दैनिक आणि माणसं यांपैकी कुणाचंही नाव त्यात नाही. वेळा आणि आकडे दिले आहेत, कारण चूक नेमकी त्यांतच दडलेली आहे. प्रसंग मात्र कुठल्याही जिल्हा आवृत्तीत, कुठल्याही लग्नसराईत घडू शकेल असा आहे.

डेस्कवरची परिस्थिती

ही प्रशिक्षणार्थी मुलगी रुजू होऊन चार महिने झाले होते. पहिले दोन महिने तिने प्रेसनोट टाइप केल्या, वाढदिवस आणि निधन वार्ता लावल्या, नगरपालिकेच्या सभांना ज्येष्ठ बातमीदाराबरोबर जाऊन बसली. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोन रात्री तिला एकटीला फोन सांभाळायला दिले होते. क्राइम बीटचा बातमीदार त्या दिवशी रजेवर होता. सिव्हिलच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या, पोलीस चौकीत ती तोवर एकदाही गेली नव्हती. ग्रामीण रुग्णालयात रात्री नोंदी कोण करतं, एमएलसी रजिस्टर (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णांची नोंदवही) कुठे असतं, रेफर केलेल्या रुग्णाची नोंद किती ठिकाणी होते, यातलं काही तिला माहीत नव्हतं. नव्या माणसाला रात्रीचे फोन द्यायच्या आधी दोन दिवस तरी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत आणि पोलीस नियंत्रण कक्षात बसवायला हवं. बहुतेक ठिकाणी माणसं कमी असल्याने ते राहून जातं, आणि त्याची किंमत अशा रात्री मोजावी लागते.

मुख्य उपसंपादक समोरच होते, पण त्यांच्यापुढे डाक आवृत्तीची दोन पानं उघडी होती. ९.०५ ला तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी सांगितलं, "तीन ठिकाणांहून खात्री कर आणि दहाच्या आत कॉपी दे." सूचना बरोबर होती आणि तिने ती अक्षरशः पाळली. तरी चूक झाली. ती कशी, हेच पाहायचं आहे.

आठ फोन

तिच्या वहीतल्या नोंदी जुळवल्यावर क्रम असा लागतो.

९.०७ : पोलीस ठाण्याचे अंमलदार. "साहेब स्पॉटवर आहेत, माहिती यायचीय."
९.१५ : तालुक्याचा वार्ताहर. तो वाटेत होता. "ग्रुपवर सात गेले म्हणतायत."
९.२८ : ग्रामीण रुग्णालय. ड्युटीवरचा ब्रदर (पुरुष परिचारक) म्हणाला, चौघांना आणलं तेव्हाच ते मृत होते. नऊ जखमी दाखल आहेत.
९.३६ : पुन्हा वार्ताहर. त्याने हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवला. नाव, वय, गाव. चार ओळी.
९.४१ : घाटाखालच्या गावचे सरपंच. त्यांनी तीच चार नावं वाचून दाखवली.
९.४६ : आमदारांचे स्वीय सहायक. पुन्हा तीच चार नावं.
९.५० : सिव्हिलची पोलीस चौकी. "पाच रेफर येतायत."
९.५२ : पुन्हा पोलीस ठाणे. "सहा जणांना खासगीत नेलंय."

यातलं एक काम तिने चोख केलं. 'सात गेले' हा आकडा तिने घेतला नाही. रुग्णालयाने मृत म्हणून सांगितलेले चार, म्हणून चार. ग्रुपवरचा असा आकडा बेशुद्ध पडलेल्यांनाही मोजून आलेला असू शकतो. इथवर तिचं बरोबर होतं.

नावांचं मात्र तसं झालं नाही. वार्ताहर, सरपंच आणि स्वीय सहायक अशा तिघांनी एकच नावं सांगितली, म्हणून खात्री झाली असं तिने धरलं. त्या कागदाचा प्रवास असा झाला होता. ९.२० च्या सुमारास ग्रामीण रुग्णालयात बंदोबस्ताला आलेल्या पोलीस शिपायाने मृतांच्या खिशातल्या, पर्समधल्या कागदांवरून केसपेपरच्या पाठीमागे चार नावं लिहिली. त्याला वरिष्ठांना फोनवर सांगण्यासाठी ती हवी होती; ती अधिकृत यादी नव्हतीच. जखमींना उतरवायला आलेल्या एका तरुणाने त्या कागदाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो सरपंचांकडे, वार्ताहराकडे आणि आमदारांच्या कार्यालयात गेला. तिघांच्या हातात एकच फोटो होता. माणसं तीन, पण माहितीचा उगम एकच, आणि तोही ओळख न पटवलेला.

हे ओळखण्याची खूण कागदावरच होती. यादीतल्या दुसऱ्या माणसाचं वय '१७' लिहिलेलं होतं. तो वऱ्हाडातला सर्वांत वयस्क माणूस, वय ७१. घाईत आकडे उलटे पडले होते. सरपंचांनी फोनवर '१७' सांगितलं, स्वीय सहायकांनी '१७' सांगितलं. सरपंच घाटाखालच्या गावचे. वऱ्हाड दुसऱ्या तालुक्यातलं. त्यांनी मृतांपैकी कुणालाही कधी पाहिलेलं नव्हतं. वेगवेगळ्या वाटांनी आलेली माहिती तपशिलात थोडीफार वेगळी असते: कुणी नाव आखूड सांगतो, कुणी वय अंदाजाने. तीन जण एकच चूक जशीच्या तशी सांगत असतील, तर ते एकाच कागदावरून वाचताहेत.

म्हणून बातमीदाराच्या वहीत 'कोण बोललं' आणि 'काय सांगितलं' यांच्या शेजारी तिसरा रकाना हवा: 'याला कसं कळलं'. त्यात तीनच प्रकारची उत्तरं येतात. स्वतः पाहिलं, कागदावरून वाचलं, कुणाकडून ऐकलं. दुसरं किंवा तिसरं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कागद कुणाचा, किंवा कुणाकडून. फोनवर हे विचारायला दहा सेकंदं लागतात. "सरपंचसाहेब, ही नावं तुम्ही दवाखान्यात जाऊन घेतलीत की ग्रुपवर आलीत?" यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही. त्या रात्री हा प्रश्न विचारला असता तर सरपंचांनी सरळ सांगितलं असतं, "ग्रुपवर आलंय."

जखमींचा आकडा

दुसरी चूक बेरजेची. तिने ग्रामीणचे ९, सिव्हिलचे ५ आणि खासगीतले ६ मिळवून '२० जखमी' लिहिलं. पण सिव्हिलला निघालेले पाच हे ग्रामीणच्या नऊंपैकीच होते. ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचार होतात, तिथे नोंद होते, आणि डोक्याला मार किंवा मोडलेलं हाड असेल तर रुग्ण जिल्ह्याला पाठवतात. सिव्हिलला त्याची पुन्हा नोंद होते. दोन्ही ठिकाणचे आकडे खरे असतात, पण त्यांची बेरीज खोटी ठरते. दुसऱ्या बाजूला घाटाखालच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा जणांना मलमपट्टी करून बसवून ठेवलं होतं, ते कुणाच्याच मोजणीत नव्हते. खरा आकडा ९ + ६ + ६, म्हणजे २१. छापलेला २० त्याच्या इतक्या जवळ होता की कुणाला शंकाही आली नाही. दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या.

रुग्णालयाला फोन लावल्यावर विचारायचं ते असं. आतापर्यंत एकूण किती आणले? त्यांत आणताना मृत किती आणि उपचार चालू असताना दगावले किती? पुढे पाठवले किती, कुठे, आणि ते पहिल्या आकड्यात धरलेत का? नावं कुणी सांगितली: रुग्णाने स्वतः, नातेवाइकाने, की खिशातल्या कागदावरून? शेवटी, बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. ब्रदर किंवा वॉर्डबॉय आकडा सांगू शकतो. मृत्यूची खात्री मात्र ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडूनच घ्यायची. ते शस्त्रक्रियेत गुंतले असतील तर चौकीतल्या अंमलदाराकडून, कारण मृत्यूची खबर रुग्णालयाला पोलिसांना द्यावीच लागते.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तिने शेवटपर्यंत विचारला नव्हता: गाडीत माणसं किती होती?

कॉपी

९.५६ ला दिलेल्या बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, असा होता:

"लग्न समारंभ आटोपून परतणाऱ्या वऱ्हाडावर काळाने घाला घातल्याची हृदयद्रावक घटना आज रात्री घडली. ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटून मिनीबस दरीत कोसळून झालेल्या भीषण अपघातात चार जण जागीच ठार, तर २० जण जखमी झाले."

हे वाक्य हजार वेळा छापून आलंय, म्हणून ते आपोआप बोटांतून उतरतं. त्यात माहिती किती आणि सवय किती, ते तपासू. 'ब्रेक निकामी' हे वार्ताहराला एका जखमीने सांगितलं. तो मागच्या सीटवर होता. कारण ठरवायला गाडीची तपासणी व्हावी लागते; ती आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक करतात, आणि तीही दुसऱ्या दिवशी उजेडात. 'नियंत्रण सुटून' म्हटलं की दोष चालकावर जातो, आणि त्याच वाक्यात ब्रेक निकामी म्हटल्यावर तो गाडीवर जातो. दोन्ही एकदम लिहायला आधार कुठलाच नव्हता. 'जागीच ठार' हेही माहीत नव्हतं. ब्रदरने 'आणलं तेव्हा मृत' एवढंच सांगितलं होतं. कुणी रुग्णवाहिकेत दगावलं असेल तर वाट किती लांब होती, १०८ ची गाडी किती वेळात आली, हा स्वतंत्र बातमीचा विषय असतो. 'जागीच' लिहिलं की तो प्रश्नच मिटतो.

त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर उभी राहिली असती ती कॉपी अशी:

"लग्नाहून परतणारी मिनीबस रविवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास घाटातील वळणावर कठडा तोडून खाली कोसळली. अपघातात चौघांचा मृत्यू झाला. नऊ जखमींना ग्रामीण रुग्णालयात दाखल करण्यात आले असून, त्यांपैकी गंभीर जखमींना जिल्हा रुग्णालयात हलवण्यात येत आहे. आणखी सहा जणांना खासगी रुग्णालयात नेल्याचे पोलिसांनी सांगितले. मृतांची ओळख पटवण्याचे काम रात्री उशिरापर्यंत सुरू होते."

यात नावं नाहीत. डाक आवृत्तीला नावं नसली तरी चालतं, आणि हे डेस्कने प्रशिक्षणार्थीला मोकळेपणाने सांगायला हवं. नव्या माणसाला वाटतं, नावं नसतील तर बातमी अर्धवट आणि दुसऱ्या पेपरात ती असणार. असतील तर असू देत. मृताचं नाव छापायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: जवळच्या नातेवाइकाने मृतदेह पाहून ओळख पटवलेली असली पाहिजे, आणि घरच्यांना पोलिसांकडून किंवा रुग्णालयाकडून कळलेलं असलं पाहिजे. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृत्यू कशाने झाला याची पाहणी आणि नोंद, पोलीस करतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. ओळख कुणी पटवली हे त्या कागदपत्रांत येतं. शिपायाच्या केसपेपरावरच्या ओळी म्हणजे पंचनामा नव्हे.

नाव चुकलं कसं

मृत महिलेजवळ जी पर्स सापडली ती तिच्या जावेची, म्हणजे खासगी दवाखान्यात प्लास्टर घातलेल्या त्या बाईची होती. बस सुटताना जावेने ती मांडीवर सांभाळायला दिली होती. पर्समध्ये जावेचं आधार कार्ड होतं. दोघींचं आडनाव एक, गाव एक, वयात दोन वर्षांचं अंतर, आणि आधारवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा. शिपायाने कार्डावरचं नाव लिहिलं. जवळचे नातेवाईक एक तर स्वतः जखमी होते, नाही तर लग्नघरून निघून वाटेत होते. मृतदेह पाहिलेलं घरचं माणूस त्या वेळी तिथे कुणीच नव्हतं.

आपल्याकडे वऱ्हाडाच्या, दिंडीच्या, ऊसतोड मजुरांच्या गाडीला अपघात होतो तेव्हा हा धोका दुपटीने असतो. गाडीतली निम्मी माणसं एका भावकीतली असतात. आडनाव एकच, चुलतभावांची नावं सारखी, सुनांची माहेरची नावं कागदावर एक आणि सासरी हाक मारायची दुसरीच. अशा वेळी मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, हाच खरा आधार. रुग्णालयाच्या घाईच्या यादीत नेमकं तेच गाळलेलं असतं. म्हणून यादी घेताना मधलं नाव, वय आणि शक्य असेल तर वस्ती, हे तिन्ही विचारून घ्यायचं. त्यांतलं एक जरी मिळालं नाही तरी ते नाव 'कच्चं' म्हणून वहीत वेगळं ठेवायचं.

चूक सापडली कशी

शहर आवृत्तीचं पान १२.४५ ला सुटणार होतं. मधल्या वेळात जखमींची पूर्ण यादी द्यायची म्हणून तिने ११.१० पासून एकेका दवाखान्याला फोन लावून नावं उतरवली. ग्रामीणची ९, खासगीतली ६, आरोग्य केंद्रातली ६ आणि मृतांची ४. एकूण २५ नावं. मृतांतलं तिसरं नाव खासगीच्या यादीत पुन्हा आलं. वय तेच, ३८. तिने आधी धरलं, एकाच गावच्या एकाच नावाच्या दोघी असतील. वर सांगितलेल्या भावकीमुळे हे अशक्य नव्हतं, म्हणूनच ते घातक होतं.

कॉपी वाचताना मुख्य उपसंपादकांनी विचारलं, "अगं, गाडीत होते किती?" तिने वरपित्याच्या घरच्यांचा नंबर मिळवला. गाडी ठरवणाऱ्या नातेवाइकाने सांगितलं, चोवीस वऱ्हाडी आणि चालक. म्हणजे पंचवीस माणसं. नावंही पंचवीस, त्यामुळे वरवर हिशोब जुळत होता. पण दोन्ही नावं एकाच बाईची असतील तर नावं चोवीसच उरतात, आणि एक माणूस कुठल्याच यादीत नाही असं होतं. हे उलगडायला एकच फोन पुरणार होता. खासगी दवाखान्यातल्या सिस्टरला तिने केसपेपरवरचं नवऱ्याचं नाव विचारलं. यादीच्या फोटोत आधारवरून उतरवलेलं पूर्ण नाव होतं. दोन्हीकडे नवरा एकच निघाला. वेळ ११.५०.

पुढची पायरी तिने बरोबर टाकली. वऱ्हाडातल्या कुणाला फोन करून "तुमच्याकडची आणखी कोण होती?" असं न विचारता तिने सरळ ग्रामीण रुग्णालयातल्या पोलिसांना आणि ठाण्याला कळवलं: तुमच्या यादीतलं तिसरं नाव दुसऱ्या दवाखान्यात जखमी म्हणून दाखल आहे, मृतदेहाची ओळख पुन्हा पटवा. मृत कोण हे घरच्यांना सांगायचं काम वृत्तपत्राचं नाही. अर्धवट कळलेलं असताना तर मुळीच नाही. १२.२० ला पोचलेल्या दिराने मृतदेह ओळखला.

छापून गेलेलं कसं आवरायचं

डाक आवृत्ती ११.३० ला छापून झाली होती आणि गठ्ठे घेऊन गाडी ११.४५ ला निघाली होती. अडचण अशी की डाक आवृत्ती ज्या तीन तालुक्यांत जाते, त्यांतल्याच एका तालुक्यात त्या बाईचं गाव. चुकीचं नाव थेट त्या बाईच्या दारात पडणार होतं. मृत जावेच्या घरी तर त्या पेपरात मृतांमध्ये आपलं माणूसच नसणार होतं.

वृत्तसंपादकांना झोपेतून उठवून विचारलं गेलं. यात कुणी रेंगाळलं नाही, हे या प्रकरणातलं सर्वांत जमलेलं काम. वितरण विभागाने गाडीच्या चालकाला फोन केला: त्या तालुक्याच्या दोन एजन्सींचे गठ्ठे उतरवू नकोस. दोन्ही एजंटांना उठवून सांगितलं, आलाच गठ्ठा तर फोडू नका. पहिल्या पानाची नवी प्लेट काढून तेवढ्या प्रती पुन्हा छापल्या आणि शहर आवृत्तीच्या गाडीतून पाठवल्या. पेपर तिथे दोन तास उशिरा पोचला. उरलेल्या दोन तालुक्यांत जुन्या प्रती गेल्या. त्या परत बोलवायला वेळ नव्हता.

वेबसाइटवर बातमी १०.०८ पासून होती. तिथे नाव काढून टाकून गप्प बसायचा मोह होतो, कारण काम एका मिनिटाचं असतं. तसं करू नये. नाव काढावं, आकडा सुधारावा आणि बातमीच्या वरच्या भागातच वेळेसह लिहावं की आधीच्या मजकुरात मृतांच्या यादीत एका जखमी महिलेचं नाव चुकीने आलं होतं. जुन्या मजकुराचे स्क्रीनशॉट तोवर फिरत असतात. खरं काय ते पाहायला आलेल्या माणसाला त्याच लिंकवर उत्तर मिळालं पाहिजे. ई-पेपरचं पानही बदलावं लागतं. पानाचं पीडीएफ ग्रुपवर टाकायची पद्धत असेल तर तिथे नवं पान दुरुस्तीच्या ओळीसह पुन्हा टाकावं लागतं.

त्या बाईच्या नवऱ्याला वृत्तसंपादकांनी स्वतः फोन केला. प्रशिक्षणार्थीला तो करायला लावला नाही, आणि ते योग्यच झालं. ग्रुपवरच्या फोटोमुळे त्यांना रात्री साडेनऊलाच खोटी बातमी कळली होती. पेपरने ती छापून पक्की केली असती. दुरुस्तीत बाईंचं नाव द्यायचं का, हे त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, द्या, पाहुण्यांचे फोन अजून थांबत नाहीयेत.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पहिल्या पानावर आली, कारण चूक पहिल्या पानावरची होती. दुरुस्ती तत्परतेने आणि ठळकपणे छापावी, हे प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारनियमांत आहेच. मजकूर बेताचा असावा: चूक कुठल्या अंकात, कुठल्या बातमीत झाली, खरं काय आहे, कशामुळे झाली, आणि दिलगिरी. 'नजरचुकीने' असं लिहून टाकायची प्रथा आहे. इथे नजर चुकलेली नव्हती, ओळख न पटलेली यादी छापली गेली होती, आणि दुरुस्तीत तसंच लिहिलं गेलं. "पोलिसांच्या चुकीमुळे" असं मात्र लिहिलं नाही. शिपायाने कागद छापायला दिलाच नव्हता.

जबाबदारी कुणाची

नाव लिहिणारी प्रशिक्षणार्थी, म्हणून चूक तिची, असं म्हणून प्रकरण बंद करता येतं. पण 'तीन ठिकाणांहून खात्री कर' ही सूचनाच अपुरी होती. तिने ठिकाणं मोजली, कारण मोजायलाच सांगितलं होतं. त्याऐवजी "मृतदेह पाहिलेल्या माणसाशी कोण बोललंय?" असं विचारलं असतं, तर नावं त्या रात्री डाक आवृत्तीत गेलीच नसती. डेस्कने कॉपी वाचताना आकड्यांची बेरीजही केली नाही. चार आणि वीस चोवीस. गाडीत किती, हा प्रश्न तेव्हाच यायला हवा होता. तो दोन तासांनी आला. वार्ताहराने फोटो पाठवताना 'ग्रुपवरून' एवढा एक शब्द लिहायला हवा होता. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा आपला व्यवसाय सांभाळून हे काम करतो, बातमीमागे थोडकं मानधन मिळतं. त्याला दोष देण्याआधी त्याला ही सवय लावली होती का, ते पाहावं.

या प्रकरणानंतर त्या डेस्कने अपघाताच्या बातमीसाठी एक पान तयार केलं; ते फोनशेजारी चिकटवलेलं असतं. सर्वांत वर 'गाडीत एकूण'. खाली प्रत्येक रुग्णालयाची एक ओळ: आणले, मृत, दाखल, पुढे पाठवले, सोडले. पुढे पाठवलेल्यांची नावं दुसऱ्या रुग्णालयाच्या ओळीत पुन्हा मोजायची नाहीत, फक्त बाण काढायचा. मृतांच्या नावासमोर 'ओळख कुणी पटवली' हा रकाना. तो रिकामा असेल तर ते नाव कॉपीत जात नाही, मग पान सुटायला पाच मिनिटं असोत की पन्नास.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१, १०६(१) आणि १२५ खाली: बेदरकारपणे वाहन चालवणं, निष्काळजीपणामुळे मृत्यू, आणि इतरांच्या जिवाला धोका व दुखापत. जुन्या २७९, ३०४-अ, ३३७, ३३८ यांच्या जागी ही कलमं आली आहेत. फिर्यादीची प्रत पाहूनच ती लिहावीत. फोनवर ऐकलेल्या कलमांत चुका होतात, आणि नव्या-जुन्या आकड्यांचा घोळ ठाण्यातही पुष्कळदा होतो. चालक जखमींमध्ये होता. त्याचं नाव आरोपी म्हणून गुन्हा दाखल झाल्यानंतरच आलं. ब्रेकबद्दल मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल येईपर्यंत पेपरने काही लिहिलं नाही.

पाठपुरावा प्रशिक्षणार्थीकडेच ठेवला. काही डेस्क अशा चुकीनंतर नव्या माणसाला त्या विषयापासून दूर करतात. तसं केलं की शिकायचं अर्धवट राहतं आणि भीती तेवढी पक्की होते. तिने तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन २५ जणांची यादी मधल्या नावांसह मिळवली, घाटातल्या त्या वळणावरच्या कठड्याची देखभाल कुणाकडे आहे ते सार्वजनिक बांधकाम विभागात विचारलं, आणि सिव्हिलमध्ये हलवलेल्या पाच जणांची नावं वॉर्डनुसार वहीत उतरवली. दर दिवशी सकाळी चौकीला एक आणि वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला एक असे दोन फोन तिने ठरवून घेतले.

हे दोन फोन बहुतेक ठिकाणी चौथ्या-पाचव्या दिवशी बंद होतात, आणि मृतांचा आकडा पहिल्या रात्रीचाच राहून जातो. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू सरकारी आकडेवारीत अपघाती मृत्यू म्हणूनच धरतात. नवव्या दिवशी सकाळी सिव्हिलमधल्या पाचांपैकी एकाचा, डोक्याला मार लागलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाचा, उपचार सुरू असताना मृत्यू झाला. या वेळी नाव, मधलं नाव, वय आणि गाव तिला वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मिळालं. ओळखीच्या रकान्यात तिने लिहिलं: भाऊ, शवागारात, सकाळी ८.१५. मृतांची संख्या पाच झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एक कॉलमात लागली.